एक, तीन, चार, दोन

द्वारकेच्या भंगारात ते पाठ करून पडलं होतं.
हनीफ कोकणी म्हणाला, "पाण्याचा पंप नाय हा, बाई,
विमानाचा आहे. किलोवर देतो."
एकशे एकेचाळीस किलो.
टेम्पोवाल्याने विचारलं, उतरवायचं कुठे?
मी म्हणाले, गॅरेजमध्ये.
जणू माझ्याकडे गॅरेज होतं.

होती जेल रोडच्या घरामागची पत्र्याची शेड,
द्राक्षांचे रिकामे क्रेट, भावाची मोडकी लूना.

तेहतीस वर्षं छापखान्यात मी चुका शोधल्या.
तिकिटांच्या तावावर न पडलेलं छिद्र,
केसभर सरकलेला निळा.
चूक दिसली की ताव बाजूला.
यंत्र कसं चालतं ते खाली, दुसऱ्या खात्यात,
आणि त्या जिन्याने मी कधी उतरले नाही.

ओझरहून निवृत्त झालेल्या निमसेंनी
मॅन्युअलची झेरॉक्स दिली.
एकेचाळीस ते अठ्ठेचाळीस गायब.
"त्यातच सगळं होतं," म्हणाले, आणि चहा संपवला.

पान हरवलेलं, पाना बसेना.
दहाचा सैल, नऊचा शिरत नाही,
सगळी मापं विलायती, कधीच्या काळची.
शेवटी भद्रकालीत एका म्हाताऱ्या फिटरच्या सुनेने
गोणपाटात गुंडाळलेले सात पाने विकले.
पैसे मोजताना म्हणाली, "ह्यांना तेल लावत जा.
मामंजी लावायचे."

पहिले तीन महिने मी ते सुलटं ठेवलं होतं.
सिलिंडर वर, पोट खाली,
कुठल्याही शहाण्या इंजिनासारखं.
मग सतराव्या पानावरच्या आकृतीत पाहिलं,
पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.
चारही डोकी खाली.
वाघळासारखं लटकायचं आणि तसंच उडायचं.

पिंगळ्यांची दोन मुलं आली, चेन-ब्लॉक आला,
क्रेटचा एक मनोरा मोडला,
आणि ते उलटं झालं, म्हणजे बरोबर झालं.
रात्रभर त्याच्यातून जुनं तेल ठिबकत राहिलं,
काळं, काकवीसारखं सावकाश.
मी खाली परात ठेवली.
सकाळी बहिणीने त्या परातीबद्दल जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

टॅपेटची फट पाच हजारांश इंच.
फिलर गेज कुरिअरने यायचं होतं.
तोवर मी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली:
नोटेच्या कागदाहून जरा जाड.
गेज आलं. जराच होतं.

तिसऱ्याच्या नळीत कुंभारमाशीचं घर निघालं,
मातीच्या चार खोल्या, दारं लिंपलेली.
सुईने अलगद सोडवून काडेपेटीत ठेवलं.
का, ते विचारू नका.

एक, तीन, चार, दोन.
भाजी चिरताना, बसच्या पायरीवर, अंघोळीच्या तांब्यावर.
शेजारी उभे असून पाळी शेजाऱ्याची नाही.
रेशनच्या रांगेत डोकी फुटली असती;
इथे त्याशिवाय दांडा फिरत नाही.

"उडणार का ते?" बहीण विचारते.
नाही.
"मग सुरू तरी?"
वरून ओझरचं विमान आकाश टराटरा फाडत जातं,
आणि मला उत्तर द्यावं लागत नाही.

जानेवारीतली रात्र, हात लोखंडाला चिकटतील अशी थंडी.
प्लग काढून अंगावर टेकवले, दिवा घालवला.
दोन्ही हातांनी हब ओढला, अगदी सावकाश.
मॅग्नेटोतली स्प्रिंग ताणत गेली, ताणत गेली,
टक्.
एक.
निळी. टाचणीच्या डोक्याएवढी.
कुठेही न सरकलेली.

पुन्हा ओढला. टक्. तीन.
पुन्हा. टक्.
चौथ्यावर अंधार.
पुन्हा. टक्. दोन.

मी दिवा लावला, स्टूल ओढलं,
चौथ्याची वायर बोटांत धरून
टोकापासून टोकापर्यंत बघत गेले.
हे काम मला येतं.